लोट्रोत बँड वाजवायचाय? मग आधी शॉर्टकट लावून घ्या

लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन, खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसतं लोट्रो, हा २००७ च्या एप्रिलमध्ये आलेला गेम आहे आणि त्याचे ग्राफिक्स बघून आजची पोरं नाक मुरडतात ते काही चूक नाही. पण हा रिव्ह्यू ग्राफिक्सचा नाहीये आणि मारामारीचा तर नाहीच नाही. ह्या गेममध्ये खरोखरची वाद्यं वाजवता येतात, एकेक स्वर धरून, आणि पाच-सहा जणांनी मिळून अख्खा कार्यक्रम करता येतो, आणि तो करायला गेलात की लगेच कळतं की गाणं बसवणं त्या मानाने सोपंय, ऐन वेळी कमांड टाइप करत बसणं हीच खरी डोकेदुखी आहे. म्हणून गेममधल्या एलियस आणि शॉर्टकट ह्या दोन कमांड आणि साँगबुक नावाचा प्लगइन म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम, एवढ्याचाच हा रिव्ह्यू. मार्क आधीच देऊन टाकतो, सोय म्हणून बघाल तर पाचपैकी तीन, कार्यक्रम करायचं साधन म्हणून बघाल तर साडेचार, आणि हे दोन आकडे वेगळे का ते पुढे येईलच.

एक बारीक गोष्ट, मी सगळ्या कमांड इथे देवनागरीत लिहितोय, गेममध्ये त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, पुढे स्लॅश लावून.

ज्यांनी हा प्रकार बघितलाच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. वाद्य हातात घेतलं आणि स्लॅश म्युझिक म्हटलं की तुमचं कॅरेक्टर म्युझिक मोडमध्ये जातं, मग कीबोर्डच्या कीजवर स्वर येतात आणि तुम्ही हाताने वाजवू शकता. दुसरा मार्ग म्हणजे गाणं आधीच एबीसी नोटेशनमध्ये, म्हणजे स्वर इंग्रजी अक्षरांत मांडून, लिहून ठेवायचं, साधी टेक्स्ट फाइल असते, ती डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात म्युझिक नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि स्लॅश प्ले आणि फाइलचं नाव म्हणायचं, की कॅरेक्टर ते वाजवायला लागतं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जातं. तीन सप्तकं मिळतात, ३७ स्वर, म्हणजे पेटी शिकलेल्या माणसाला घरच्यासारखं वाटेल असा पसारा. सा जर सी धरला तर कॅपिटल सीच्या पुढे स्वल्पविराम म्हणजे मंद्र सा, नुसता कॅपिटल सी म्हणजे मध्य सा, लहान लिपीतला सी म्हणजे तार सा, आणि त्याला ॲपॉस्ट्रॉफी लावली की त्याच्याही वरचा सा, तिथे हद्द संपली. डीच्या आधी अंडरस्कोअर दिला की कोमल रे, एफच्या आधी टोपीचं चिन्ह दिलं की तीव्र म. भूप लिहायचाय तर सी डी ई जी ए, झालं, दहा मिनिटांत एखादी साधी बंदिश उतरवून होते. मींड मात्र विसरा, स्वर ठोकळ्यासारखे एकामागे एक येतात, त्यामुळे मारव्याबिरव्याच्या वाटेला जाऊ नका, तालावर चालणारी गाणी, लावणीच्या चाली, आरत्या, असलं छान वाजतं. एका वाद्यावर एका वेळी जास्तीत जास्त सहा स्वर एकत्र धरता येतात, तेवढे पुरतात.

आता मुद्द्यावर येतो. समजा गाण्याची फाइल भूप नावाची आहे आणि तिच्यात चार भाग आहेत, एक ल्यूटचा म्हणजे गिटारसारख्या तंतुवाद्याचा, एक फ्लूटचा, एक थिऑर्बोचा म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, आणि एक ड्रमचा. प्रत्येकाने आपापलं वाद्य घ्यायचं, म्युझिक मोड लावायचा, मग स्लॅश प्ले, भूप, आपल्या भागाचा नंबर, आणि शेवटी सिंक हा शब्द, असं टाइप करायचं. सिंक म्हटलं की गाणं लोड होऊन थांबून राहतं. सगळ्यांचं झालं की एकाने स्लॅश प्लेस्टार्ट म्हणायचं की सगळी वाद्यं एकदम उठतात, भजनात बुवांनी मान हलवली की पखवाज पडतो ना, तसं. कोणाचं सिंक राहून गेलं तर तो भाग गेलाच, मधेच घुसता येत नाही, ते गाणं संपेपर्यंत तो गडी वाद्य हातात धरून शोभेला उभा. आणि हे प्रत्येक गाण्याला करायचं, समोर पंधरा-वीस लोक बसलेत, चॅटमध्ये कोणी फर्माईश करतंय, कोणी टाळ्या वाजवतंय, आणि तुम्ही फाइलच्या नावातलं स्पेलिंग आठवताय. इथे शॉर्टकट लागतात.

एलियस कमांडचं काम असं की एका छोट्या शब्दाच्या मागे एक लांब ओळ बांधून ठेवायची. शब्दाची सुरुवात सेमीकोलनने करायची. म्हणजे स्लॅश एलियस, मग सेमीकोलन बी वन, मग स्लॅश प्ले भूप वन सिंक. एवढं एकदा टाइप केलं की पुढे चॅटमध्ये नुसतं सेमीकोलन बी वन म्हटलं तरी काम होतं. नको झालं तर एलियस रिमूव्ह, काय काय बांधून ठेवलंय ते बघायचं तर एलियस लिस्ट. नावं ठेवताना डोकं लावा. गाण्याच्या नावाने एलियस ठेवले तर प्रोग्राम बदलला की सगळे एलियस बदलायचे, त्यापेक्षा मी क्रमांकाने ठेवतो, पहिलं गाणं, दुसरं गाणं असं, आणि त्यांच्या मागची फाइल तेवढी त्या त्या कार्यक्रमापुरती बदलतो. आणि फाइलची नावं आखूड ठेवा, स्पेस नको, कॅपिटल-स्मॉलचा घोळ नको, नावात आर्टिस्ट, अल्बम, व्हर्जन, फायनल फायनल टू असलं काही नको, ज्याला फाइल पाठवायचीय त्याचाही विचार करा जरा.

शॉर्टकट कमांड ह्याच्या एक पाऊल पुढे. स्लॅश शॉर्टकट, मग क्विकस्लॉटचा म्हणजे स्किलबार ह्या बटणांच्या पट्टीवरच्या घराचा नंबर, मग ती कमांड किंवा एलियस, की ती ओळ बटण बनून तुमच्या स्किलबारवर बसते आणि मग नुसता क्लिक. नंबर टाकताना मात्र रिकाम्या स्लॉटचाच टाका, मिन्स्ट्रेलच्या (हा गेममधला गाण्याबजावण्याचा क्लास) ग्रुपला बरं करणाऱ्या हीलिंग स्किलच्या जागेवर प्लेस्टार्ट बसवून ठेवलंत आणि तसेच डंजनला गेलात तर ग्रुपवाले काय बोलतील ते मी इथे लिहू शकत नाही. एक जादा बार उघडून तो फक्त कार्यक्रमासाठी ठेवणं उत्तम, वाद्यंसुद्धा त्याच बारवर ओढून ठेवा, क्लिक केलं की हातातलं वाद्य बदलतं, दोन गाण्यांच्या मधे बॅग उघडून क्लॅरिनेट शोधत बसावं लागत नाही.

आणि एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही, ती म्हणजे म्युझिक मोडमध्ये आकड्यांच्या कीज स्वरांना दिलेल्या असतात. बारवर एक नंबरला प्लेस्टार्ट ठेवलंय म्हणून तुम्ही ऐटीत कीबोर्डवरचा एक दाबाल तर गाणं सुरू व्हायच्या ऐवजी टणकन एक स्वर वाजेल, तोही भर शांततेत. म्हणून माउसनेच क्लिक करायचं, किंवा कीमॅपिंगमध्ये जाऊन त्या बारला अशा कीज द्यायच्या ज्यांच्यावर स्वर नाहीत.

माझ्या बारवर काय काय आहे ते सांगतो, नक्कल करायला हरकत नाही. डावीकडे म्युझिक मोड, त्याच्या शेजारी वाद्यं, मग गाण्यांची बटणं, मग थोडी जागा सोडून एकदम उजवीकडे प्लेस्टार्ट, मुद्दाम लांब, कारण गाण्याच्या बटणाला खेटून ठेवलं तर घाईत बोट घसरतंच. वरच्या बारवर बोलायची बटणं, आणि खरं सांगू का मला जास्त मजा ह्यांच्यातच येते. एलियसमध्ये सेमीकोलन टार्गेट हा तयार शब्द आहे, तुम्ही ज्याच्यावर क्लिक करून ठेवलंय त्याचं नाव त्या जागी येतं, म्हणजे स्लॅश से आणि पुढे "सेमीकोलन टार्गेट, पुढचं गाणं तुमच्यासाठी" असं एक बटण करून ठेवलं की फर्माईश करणाऱ्यावर क्लिक करायचं, बटण दाबायचं, आणि त्याच्या नावाने गाणं जाहीर. समोरचा खूश होऊन जातो राव, त्याला काय माहीत बटण आहे ते. तसंच एक आभाराचं, एक मुजऱ्याचं म्हणजे स्लॅश बो, एक ग्रुपच्या चॅटमध्ये "पुढचं गाणं लोड करा" असं सांगणारं. गाण्याचे शब्द पण ओळीओळीने बटणांवर ठेवता येतात आणि स्वर वाजत असताना एकेक ओळ बोलायची, पण ह्याला एक माणूस मोकळा लागतो, ज्याच्या डोक्यात ताल आहे असा, नाहीतर धृपद यायच्या आत अंतरा बोलून मोकळा होतो आणि सगळ्यांची पंचाईत.

आता तक्रार. एका एलियसमध्ये एकच कमांड बसते. वाद्य घे, म्युझिक मोड लाव, फाइल लोड कर, हे तिन्ही एका बटणात कोंबता येत नाही, मधे दोन सेकंद थांब असंही सांगता येत नाही. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये मॅक्रोला, म्हणजे एका बटणात बांधलेल्या कमांडच्या गठ्ठ्याला, १५ ओळी मिळतात आणि ओळींच्या मधे वेट टाकता येतो, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये वेट नाही पण २५५ अक्षरांत बऱ्याच करामती होतात. त्या दोन्हींकडून आलेला माणूस लोट्रोचा एलियस बघून म्हणतो हे काय, एवढंच? सोयीला तीनच मार्क ते ह्यामुळे. इतकी वर्षं झालेल्या गेममध्ये एलियस बनवायला साधी खिडकी नाही, सगळं चॅटबॉक्समध्ये टाइप करून, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, हे काही कौतुकाचं नाही.

पण मग साडेचार कसले? ते समजायला आधी दुसऱ्या एका गेमकडे बघावं लागेल. स्टार वॉर्स गॅलक्सीज, २००३ च्या जूनमध्ये आला, १५ डिसेंबर २०११ ला बंद झाला, आता त्याचे चाहत्यांनी चालवलेले सर्व्हर आहेत तेवढेच. त्यात कलाकार हा चक्क एक पेशा होता, एंटरटेनर. नाचणारे आणि वाजवणारे. आणि त्यांना गेममध्ये काम होतं, लढून आलेल्या लोकांचा थकवा आणि मनावरच्या जखमा बऱ्या करायला कॅन्टिनात म्हणजे तिथल्या गुत्त्यात जाऊन नाच बघावाच लागायचा, म्हणजे कलाकारावाचून कोणाचं चालणार नाही अशी योजना. कल्पना म्हणून आजही कोणी ह्याच्या पुढे गेलं नाहीये असं माझं मत आहे. पण त्यांनी मॅक्रो दिले मोकळे सोडून. कमांडच्या मधे सेमीकोलन टाकून कितीही जोडा, पॉज टाकून सेकंद द्या, आणि शेवटी त्या मॅक्रोने स्वतःलाच परत बोलवायचं, की तो फिरतच राहतो. फ्लरिश म्हणजे नाचातली-वाजवण्यातली एखादी खास लकब. फ्लरिश एक, थांब, फ्लरिश तीन, थांब, फ्लरिश पाच, थांब, परत पहिल्यापासून. लोक मॅक्रो लावून झोपायला जायचे. कॅन्टिनात शिरलं की ओळीने नाचणारी मंडळी, एकदम शिस्तीत, आणि त्यातल्या कोणाशी बोलायला गेलं तर उत्तर नाही, कारण खुर्चीत कोणी नाहीच. टिप द्या असं मात्र दर थोड्या वेळाने बोलायचे, तेही मॅक्रोतच. जे खरे कलाकार होते, जे येणाऱ्याशी गप्पा मारायचे, बँड बांधायचे, त्यांना त्या गर्दीत शोधावं लागायचं.

लोट्रोत हे होऊच शकत नाही. एका क्लिकला एक कमांड, त्यामुळे प्रत्येक गाण्याला प्रत्येक वाजवणारा माणूस जागा आणि हजर पाहिजे, पर्यायच नाही. प्लगइनवाल्यांनाही तीच वेसण आहे. लोट्रोचे प्लगइन लुआ ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितात, पण प्लगइनला तुमच्या वतीने आपणहून कमांड सोडता येत नाही, तो फार तर एक बटण मांडून देतो ज्याच्या पोटात एलियस असतो, आणि त्यावर तुमचा क्लिक पडला तरच पुढचं घडतं. हे गेम बनवणाऱ्यांनी कलाकारांचा विचार करून केलंय असं मी म्हणत नाही, बॉट म्हणजे माणसाशिवाय खेळणारे प्रोग्राम आवरायला केलं असेल, पण फायदा आम्हाला झाला. गेममधल्या ब्री गावात प्रॅन्सिंग पोनी नावाची खानावळ आहे, तिथे कोणी वाजवत असेल आणि तुम्ही गाणं संपल्यावर काही बोललात तर उत्तर येतं. अर्धा मार्क कापला तो खिडकी नाही म्हणून.

साँगबुकबद्दल. पाच-सात गाण्यांपर्यंत हाताने बांधलेले एलियस पुरतात, पण संग्रह वाढला की साँगबुक घ्याच, फुकट आहे. सगळ्या गाण्यांची यादी, शोधायची सोय, गाणं निवडलं की त्याचे भाग दिसतात, आणि खाली बटणं, म्युझिक मोड, प्ले, सिंक, रेडी चेक, स्टार्ट. रेडी चेक फार कामाचं, सगळ्यांना विचारणा जाते की तयार का, आणि मग स्टार्ट. बसवताना एक विचित्र पायरी आहे. प्लगइनला तुमचं म्युझिक फोल्डर वाचायची परवानगी नाही, म्हणून गेमच्या बाहेर एक वेगळी एचटीए फाइल चालवून गाण्यांची यादी तयार करून द्यावी लागते, आणि फोल्डरमध्ये नवीन गाणं टाकलं की ती परत चालवायची, मग प्लगइन परत लोड करायचा. कार्यक्रमाच्या आधी दोन मिनिटं कोणी "हे घ्या माझं नवीन गाणं" म्हणून फाइल पाठवली तर नम्रपणे नाही म्हणा. एचटीए हा प्रकार विंडोजचा, मॅक किंवा लिनक्सवाल्यांना वेगळा जुगाड बघावा लागतो. गाणी तयार करायला मेस्ट्रो म्हणून प्रोग्राम आहे, मिडी फाइल (कॉम्प्युटरसाठी स्वर लिहिलेली फाइल) घालायची, कुठल्या ट्रॅकला कुठलं वाद्य ते ठरवायचं, एबीसी बाहेर, आणि त्याच्याच सोबतच्या एबीसी प्लेयरमध्ये गेम न उघडता ऐकून बघता येतं. ड्रमच्या भागाकडे तेवढं नीट बघा कारण ड्रमवर प्रत्येक स्वराला वेगळाच ठोका आहे, सा रे ग असं काही नाही, आणि तबल्याचा बोल म्हणून तुम्ही जे धराल ते तिथे भलतंच काही वाजेल. आम्ही दादरा बसवताना दोन वेगळे ठोके निवडून धा आणि ना मानले आणि बाकी सोडून दिलं.

आमचा ग्रुप म्हणजे काही मोठा बँड नाही. एक पुण्यात, एक नाशकात, एक ताई न्यू जर्सीत, अजून एक-दोघं येऊन-जाऊन असतात. आपल्याकडे शनिवारची संध्याकाळ म्हणजे त्यांच्याकडे सकाळ, चहा हातात घेऊनच येतात. एकाच ठेक्यावर हाताने वाजवायचं म्हटलं तर इतक्या अंतरावरून जमत नाही, कोणीतरी मागेच राहतो, त्यामुळे सिंक आणि प्लेस्टार्ट हेच आमच्यासाठी सगळं काही. गाणं कोण सुरू करणार ते आधी ठरवून ठेवा, ते बटण एकाच्याच बारवर असू द्या. दोघांकडे असलं की दोघंही सौजन्याने एकमेकांची वाट बघत बसतात, नाहीतर दोघंही एकदम दाबतात. आणि एलियसची अख्खी यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ग्रुपला पाठवून ठेवा, नवीन माणूस आला की त्याने बघून बघून आपल्याकडे टाइप करायचे, समजावत बसायला नको. नवीन माणूस मिन्स्ट्रेल नसला तरी हरकत नाही, मिन्स्ट्रेल दुसऱ्या क्लासवाल्यांना वाद्यं शिकवू शकतो, तेवढं शिकवून घ्यायचं.

हे सगळं करून जायचं कुठे असं विचाराल तर वेदरस्टॉक बघा. तेव्हाच्या लँड्रोव्हल सर्व्हरवर लोनली माउंटन बँडने २००९ मध्ये सुरू केलेला, खेळाडूंनीच भरवलेला संगीताचा जलसा, वेदरटॉप नावाच्या टेकडीवर, एकामागे एक बँड येतात आणि टेकडी माणसांनी फुलून जाते. तिथे मोठाले बँड रेड ग्रुप करून वाजवतात, सहाच्या फेलोशिपमध्ये म्हणजे नेहमीच्या ग्रुपमध्ये मावत नाहीत म्हणून, आणि त्यांच्या दोन गाण्यांमधली जागा बघा, केवढी लहान असते. वाद्यं बदलली, सिंक झालं, सुरू. तिथे एखादी रेकॉर्डिंग लावून ठेवलीय असं वाटावं इतकं सफाईदार, आणि प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत बसून आपापलं बटण दाबत असतो.

पैशाचं म्हणाल तर गेम २०१० पासून फुकट खेळता येतो, सुरुवातीची वाद्यं गेममधल्या दुकानात थोड्या नाण्यांत मिळतात, चांगली हवी असतील तर सुतारकाम शिकलेल्या खेळाडूकडून बनवून घ्या, वूडवर्कर म्हणतात त्यांना. रुपया खर्च न करता कार्यक्रम उभा राहतो.

पोनीत वाजवायला जाणार असाल तर आधी आत जाऊन कान द्या, कोणी वाजवत असेल तर बाहेर थांबा किंवा दुसरी जागा बघा, दोन बँड एकाच खोलीत म्हणजे दोघांचंही वाटोळं. आणि बॅगपाइपचं बटण बारवर ठेवलंच असेल तर ते ग्रुपमधल्या सगळ्यात समजूतदार माणसाकडे ठेवा, आमच्याकडे ते नाशिकवाल्याकडे होतं, आता ताईकडे आहे.